कार्टराइटांच्या घरी सून टिकत नाही

बेन कार्टराइटला तीन मुलगे. थोरला अ‍ॅडम, मधला हॉस, धाकटा जो. तिघांच्या आया वेगळ्या आणि तिघीही वारलेल्या. अ‍ॅडमची आई बाळंतपणात गेली, हॉसची आई पश्चिमेकडच्या प्रवासात हल्ल्यात सापडून गेली, जोची आई घोड्यावरून पडून. नेवाडातल्या टाहो सरोवराजवळ या कुटुंबाचं पाँडरोसा नावाचं अवाढव्य कुरण आहे. घरात चार पुरुष, आणि स्वयंपाकाला हॉप सिंग नावाचा चिनी आचारी. घरात जी स्त्री येते ती पाहुणी म्हणूनच.

ही मालिका ‘बोनान्झा’. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ती १२ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाली आणि जानेवारी १९७३ मध्ये संपली. १४ हंगाम, चारशेहून अधिक भाग. साठच्या दशकाच्या मध्यात ती सलग तीन वर्षं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती. एनबीसीची मालकी तेव्हा आरसीए या कंपनीकडे होती आणि आरसीएला रंगीत टीव्ही खपवायचे होते. म्हणून सरोवराचं निळं पाणी आणि पाइनची हिरवी झाडं पहिल्या भागापासून रंगीत दिसली.

या १४ वर्षांत कार्टराइट बापलेक कितीदा तरी प्रेमात पडले. पण जिच्यावर प्रेम केलं ती गोळी लागून मेली, आजारपणात गेली, नाहीतर दुसऱ्याबरोबर निघून गेली. अ‍ॅडमचं लग्न लॉरा नावाच्या विधवेशी अगदी ठरत आलं होतं. पाचव्या हंगामात तीही त्याच्या चुलतभावाबरोबर गेली. प्रेक्षकांनी या प्रकाराला ‘कार्टराइटांचा शाप’ असं नावच देऊन टाकलं. यातली सर्वांत विलक्षण गोष्ट १९७२ ची. हॉसचं काम करणारा डॅन ब्लॉकर त्या वर्षी मे महिन्यात अचानक वारला. हॉसचं लग्न होतं आणि त्याची बायको मारली जाते, अशी कथा त्याच्यासाठी तयार होती. ब्लॉकर गेल्यावर मायकेल लँडनने ती धाकट्या जोवर बेतली, दिग्दर्शनही केलं, आणि शेवटच्या हंगामाची सुरुवात त्या भागाने झाली. जोचं लग्न झालं, बायकोला दिवस गेले, आणि भाग संपण्याआधी तिचा खून झाला. नवरा बदलला तरी बायकोचं मरण कायम!

असं का व्हावं? लेखक स्त्रीद्वेष्टे होते म्हणून, हे उत्तर फार स्वस्तातलं आहे. खरं कारण धंद्यात सापडतं. त्या काळच्या अमेरिकन मालिकेचा प्रत्येक भाग स्वतंत्र असायचा. मंगळवारी पेच पडला की मंगळवारीच सुटायचा आणि पुढच्या आठवड्यात माणसं पुन्हा जिथल्या तिथे. शंभरेक भाग साठले की मालिका गावोगावच्या स्थानिक वाहिन्यांना पुनर्प्रसारणासाठी विकली जायची. पैसा तिथेच होता. या वाहिन्या भाग हव्या त्या क्रमाने लावायच्या. चाळिसाव्या भागात नायकाचं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी तेरावा भाग लागला, तर घरातली बायको गेली कुठे? त्यापेक्षा लग्नच नको. दोन मित्र, दोन भाऊ, बापलेक यांचं नातं पहिल्या भागात जसं असतं तसंच चारशेव्या भागात असलं तरी कोणाला खटकत नाही. मैत्रीला साखरपुडा नाही, मुहूर्त नाही, पाळणा नाही. ती नुसती चालू राहते. स्त्री आली की कथेला कुठेतरी पोचावं लागतं, आणि पोचलेली मालिका वाहिनीला परवडत नाही.

ही सोय टीव्हीने शोधलेली नाही. आर्थर कॉनन डॉयलने १८९० मध्ये ‘द साइन ऑफ फोर’च्या शेवटी शेरलॉक होम्सचा सोबती वॉटसन याचं लग्न मेरी मॉर्स्टनशी ठरवून टाकलं आणि आपल्याच गळ्यात धोंड बांधून घेतली. बेकर स्ट्रीटवरचा बिऱ्हाडकरू आता संसारी झाला. पुढच्या कथांमध्ये मेरी कधी माहेरी जाते, कधी नवऱ्याला जायला सांगते. मेला असं समजलेला होम्स १९०३ मध्ये परत आला तेव्हा मेरी मेलेली आहे. कशाने मेली, कधी मेली, हे डॉयल सांगतही नाही. वॉटसनच्या ‘शोका’चा उल्लेख एका वाक्यात उरकतो, आणि वॉटसन दवाखाना विकून पुन्हा होम्सच्या घरी राहायला जातो. बीबीसीच्या ‘शेरलॉक’ने मेरीला हेर बनवलं, हुशार केलं, तोंडी चटपटीत संवाद दिले, आणि १ जानेवारी २०१७ च्या भागात शेरलॉकवर झाडलेली गोळी तिच्या छातीत घातली. ११४ वर्षांनी प्रगती एवढीच, की तिचं मरण पडद्यावर दिसलं.

‘स्टार ट्रेक’ची हकिगत मात्र वेगळी आहे, कारण तिथे आधी स्त्री होती. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी कॅप्टन कर्क आणि टोकदार कानांचा स्पॉक पाहिलेले वाचक आज साठीच्या आसपास असतील. त्यांना आठवणारी मालिका ही खरं तर दुसरी खेप. जीन रॉडनबेरीने आधी ‘द केज’ नावाचा नमुना भाग बनवला होता. त्यात यानाची दुय्यम अधिकारी स्त्री होती. तिला नाव नव्हतं, सगळे तिला ‘नंबर वन’ म्हणत. काळे केस, थंड डोळे, भावनेचा लवलेश नाही, हिशेब पक्का. कॅप्टन संकटात सापडल्यावर यानाचा ताबा तिच्याकडे जातो. एनबीसीने हा भाग नाकारला आणि दुसरा बनवायला सांगितलं. त्यात नंबर वन नव्हती. तिची थंड, तर्ककठोर वृत्ती उचलून स्पॉकला दिली गेली. ‘द केज’मधला स्पॉक हसतो, दचकतो, ओरडतो, हे तो भाग पाहिला की कळतं. म्हणजे टीव्हीच्या इतिहासातली सगळ्यांत गाजलेली पुरुषांची जोडी जमली, तेव्हा तिच्यातल्या एकाचा स्वभाव नोकरीवरून काढलेल्या बाईचा होता.

रॉडनबेरी आयुष्यभर सांगत राहिला, की वाहिनीला अधिकारपदावरची स्त्री नको होती. त्याचे सहकारी हर्बर्ट सोलो आणि रॉबर्ट जस्टमन यांनी १९९६ च्या पुस्तकात वेगळंच लिहिलं: वाहिनीचा आक्षेप स्त्रीला नव्हता, त्या विशिष्ट नटीला होता. मेजल बॅरेट ही रॉडनबेरीची मैत्रीण, पुढे बायको झाली, आणि वाहिनीला ते ठाऊक होतं. मला दुसरी बाजू जास्त पटते. पण मग प्रश्न उरतो, की नटी बदलून भूमिका का ठेवली नाही? ते कोणाला सुचलंच नाही असं दिसतं. बॅरेट पुढे सोनेरी टोप घालून नर्स चॅपल म्हणून परतली, आणि तीन हंगाम स्पॉककडे आशाळभूतपणे पाहत राहिली. गंमत अशी की ही मालिका ज्या देसिलू स्टुडिओने काढली त्याची मालकीण ल्यूसिल बॉल ही स्त्रीच होती.

पहिल्याच हंगामात यानावरच्या रँड या मदतनीस मुलीलाही वगळलं गेलं. कॅप्टन एकीत गुंतला तर दर आठवड्याला नवी बाई कशी आणणार, हा त्यामागचा विचार. पुन्हा तोच हिशेब. ६ एप्रिल १९६७ च्या भागात कर्क भूतकाळातल्या न्यूयॉर्कमध्ये जातो आणि ईडिथ कीलर या समाजसेविकेच्या प्रेमात पडतो. ती जगली तर इतिहास बिघडणार असतो. मोटार अंगावर येते, कर्क तिला वाचवू शकतो, आणि वाचवत नाही. मालिकेतला हा सर्वोत्तम भाग मानला जातो, आणि आहेही. पण एवढं पाहून झाल्यावर ३ जून १९६९ चा अखेरचा भाग लावावा. त्यात एक वेडसर स्त्री कर्कचं शरीर बळकावते, कारण कप्तानांच्या जगात बाईला प्रवेश नाही असं तिचं म्हणणं असतं. मालिकेने शेवटच्या दिवशी स्वतःवरचा आरोप एका खलनायिकेच्या तोंडी घातला आणि तिला वेडी ठरवून मोकळी झाली.

आता याचं दुसरं टोक. ही पुरुषांची दुनिया डोक्यावर घेतली बायकांनी. ‘स्टार ट्रेक’चं पहिलं चाहता-नियतकालिक ‘स्पॉकानालिया’ १९६७ मध्ये दोन तरुणींनी काढलं. तिसरा हंगाम व्हावा म्हणून वाहिनीवर पत्रांचा पाऊस पाडणाऱ्या मोहिमेच्या पुढाकारात बीजो ट्रिम्बल होती. मालिकेची एक प्रमुख लेखिका डोरोथी फाँटाना श्रेयनामावलीत ‘डी. सी. फाँटाना’ म्हणून जायची. नावावरून बाई असल्याचं कळू नये हा हेतू. आणि १९७४ पासून या चाहत्या स्त्रियांनी कर्क आणि स्पॉक एकमेकांच्या प्रेमात आहेत अशा कथा लिहायला घेतल्या. चक्रमुद्रित पानं टाचून त्या हातोहात फिरत. समीक्षकांना कळेना, बायका दोन पुरुषांच्या प्रेमाच्या गोष्टी का लिहितात? विज्ञानकथालेखिका जोआना रस हिने १९८५ मध्ये त्यावर लिहिलं. तिचा मुद्दा थोडक्यात असा, की या कथांतलं प्रेम दोन समान माणसांत आहे. दोघांनाही काम आहे, धाडस आहे, एकमेकांविषयी आदर आहे. असं नातं स्त्री-पुरुषांत त्या काळच्या टीव्हीवर दिसतच नव्हतं, म्हणून लिहिणाऱ्यांनी ते जिथे दिसलं तिथून उचललं.

मला हे स्पष्टीकरण निम्मं पटतं. उरलेलं निम्मं साधं आहे: मैत्री बघायला चांगली वाटते. ‘स्टार्स्की अँड हच’ (१९७५ ते १९७९) ही पोलिसी मालिका आज पाहिली तर पाठलाग कंटाळवाणे वाटतात. पण एकाला गोळी लागल्यावर दुसऱ्याने त्याचं डोकं मांडीवर घेणं अजूनही काळजाला भिडतं. या मालिकेतही हचची जिलियन मारली गेली आणि पुढच्याच वर्षी स्टार्स्कीची टेरी. दोघींच्या मरणाचा उपयोग एकच: मित्र मित्राच्या गळ्यात पडून रडतो. त्याच निर्मात्यांनी १९७६ मध्ये ‘चार्लीज एंजल्स’ काढली. तीन हुशार, देखण्या बायका, आणि हुकूम सोडणारा न दिसणारा पुरुष. खोलीतल्या एका स्पीकरमधून फक्त त्याचा आवाज येतो.

मग दोन बायकांची मैत्री? हा प्रश्न बार्बरा एव्हडन आणि बार्बरा कॉर्डे या दोन लेखिकांना पडला, तो मॉली हास्केलचं १९७४ सालचं चित्रपटसमीक्षेचं पुस्तक वाचून. पडद्यावर पुरुषांच्या जोड्या पैशाला पासरी, स्त्रियांची एकही नाही, हे त्यात त्यांना दिसलं. दोघी न्यूयॉर्कच्या महिला पोलिसांबरोबर हिंडल्या आणि ‘कॅग्नी अँड लेसी’ची संहिता लिहिली. आधी सिनेमा करायचा होता. स्टुडिओंनी नकार दिला. एक स्टुडिओ तयार झाला तर त्याची अट होती, रॅक्वेल वेल्च आणि अ‍ॅन-मार्ग्रेट यांना घ्या. पोलीस ठाण्यातल्या दमलेल्या, पायांना फोड आलेल्या बायकांसाठी त्या काळच्या दोन मादक नट्या! अखेर ऑक्टोबर १९८१ मध्ये सीबीएसवर टीव्हीपट आला, लोकांनी भरभरून पाहिला, आणि पुढच्या वर्षी मालिका सुरू झाली.

सुरुवातीच्या सहा भागांत कॅग्नीचं काम मेग फॉस्टरने केलं. मग ‘टीव्ही गाइड’ या साप्ताहिकात वाहिनीच्या एका अधिकाऱ्याने, नाव न देता, सांगून टाकलं की या दोघी फार रांगड्या वाटतात, आणि प्रेक्षक त्यांना समलिंगी समजतील. दोन पुरुष एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते तेव्हा या अधिकाऱ्यांना काही वाटलं नव्हतं. फॉस्टरला काढलं, शॅरन ग्लेस आली, कॅग्नीचे कपडे उंची झाले आणि माहेर श्रीमंत झालं. १९८३ मध्ये वाहिनीने मालिका बंद केली. हजारो पत्रं आली, बहुतेक बायकांची. त्याच वर्षी लेसीचं काम करणाऱ्या टाइन डेलीला एमी मिळालं, आणि मार्च १९८४ मध्ये मालिका परत आली. १९८३ ते १९८८ अशी सलग सहा वर्षं नाट्यमालिकेतल्या उत्तम अभिनेत्रीचं एमी या दोघींतच राहिलं: डेलीला चार, ग्लेसला दोन.

या मालिकेतली पाहण्यासारखी जागा म्हणजे ठाण्यातलं बायकांचं स्वच्छतागृह. तपासाबद्दलचं, वरिष्ठाबद्दलचं, एकमेकींच्या चुकांबद्दलचं खरं बोलणं तिथे होतं. एक आरशात बघून केस सारखे करते आहे, दुसरी भिंतीला टेकून उभी, आणि ठाण्याभरच्या पुरुषांना तिथे शिरता येत नाही. दोघी भांडतात तेव्हा एकीचं बरोबर आणि दुसरीचं चूक असं नसतं. कॅग्नीची दारू वाढत जाते तेव्हा लेसी तिला पाठीशी घालते, मग घालत नाही. आणि या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की लेसीला नवरा आहे. हार्वी बांधकामावर काम करतो, काम नसेल तेव्हा घरी जेवण करतो, बायकोवर चिडतो, तिच्यावर त्याचं प्रेम आहे. त्यांना दोन मुलगे असतात आणि मालिकेतच तिसरं मूल होतं. लेसीला स्तनाचा कर्करोग होतो, त्यातून ती बरी होते. १२५ भाग झाले, हार्वी जिवंत राहिला आणि कथा अडली नाही. बोनान्झावाल्यांनी जे अशक्य मानलं होतं, ते क्वीन्समधल्या एका छोट्या घरात सहा वर्षं सुखेनैव चाललं.

एवढं सिद्ध झाल्यावर जुनी खोड जायला हवी होती. गेली नाही. १३ सप्टेंबर २००५ रोजी ‘सुपरनॅचरल’ सुरू झाली. पहिल्या दहा मिनिटांच्या आत आई बाळाच्या खोलीत छताला चिकटलेली, पोट फाटलेलं, आणि आगीत भस्म. भाग संपताना धाकट्या भावाची प्रेयसीही तशीच, त्याच्या पलंगाच्या वर. मग सॅम आणि डीन हे विंचेस्टर बंधू १९६७ सालच्या शेव्हर्ले इम्पाला मोटारीतून भुताखेतांच्या मागे लागतात, ते १५ हंगाम आणि ३२७ भाग. (‘बोनान्झा’चा प्रायोजक शेव्हर्लेच होता. गाड्या टिकतात.) वाटेत बायका भेटल्या, चांगल्या लिहिल्याही गेल्या. एलन आणि जो या मायलेकी पाचव्या हंगामात स्वतःला उडवून घेतात, म्हणजे भावांना पळता यावं. चार्ली ही संगणकात पटाईत असलेली मुलगी भावांना धाकट्या बहिणीसारखी, प्रेक्षकांची अतिशय लाडकी. २०१५ मध्ये तिचं प्रेत न्हाणीघरात सापडतं. चाहते संतापले, आणि त्यात बायका बहुसंख्य होत्या.

मालिकेला हे कळत होतं, हे तिचं वैशिष्ट्य. नोव्हेंबर २०१४ चा दोनशेवा भाग मुलींच्या शाळेत घडतो. तिथल्या विद्यार्थिनींनी विंचेस्टर बंधूंवर संगीत नाटक बसवलं आहे; सॅम मुलगी, डीन मुलगी, सगळी पात्रं मुलीच. खरा डीन तालीम बघून वैतागतो आणि भागाच्या शेवटी विरघळतो. बालगंधर्वांना शकुंतला आणि भामिनी म्हणून डोक्यावर घेतलेल्या मुलखातल्या माणसाला हा भाग बघताना गुदगुल्या होतात. एकेकाळी स्त्रीच्या भूमिका पुरुष करायचे कारण रंगमंचावर बाई नव्हती. इथे पुरुषांच्या भूमिका मुली करतात कारण कथेत बाई नाही. त्यानंतर मालिकेतल्या जोडी आणि डॉना या पोलीस अधिकारी स्त्रिया, आणि त्यांनी सांभाळलेल्या मुली, यांची वेगळी मालिका काढायची ठरलं. जानेवारी २०१८ मध्ये तिचा नमुना भाग दाखवला गेला. मे महिन्यात वाहिनीने ती नाकारली.

१९ नोव्हेंबर २०२० च्या अखेरच्या भागात डीन मरतो आणि सॅम म्हातारा होईपर्यंत जगतो. त्याला मुलगा होतो, मुलाचं नाव अर्थातच डीन. म्हणजे सॅमने लग्न केलं असणार. एका दृश्यात सॅम मुलाबरोबर अंगणात खेळतो आहे आणि मागे दूरवर एक स्त्री उभी आहे. ती धूसर आहे. कॅमेरा तिच्यावर स्थिरावतच नाही. १५ वर्षं पाहिलेल्या नायकाच्या बायकोचा चेहरा प्रेक्षकांनी पाहिलेला नाही.

आपल्याकडे याचं उलटं उदाहरण आहे, आणि त्याचा अर्धा भाग पुण्यात लिहिला गेला. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ पासून ब्योमकेश बक्षीच्या कथा लिहिल्या. त्यांतल्या एका खुनाच्या तपासात ब्योमकेश सत्यवतीच्या प्रेमात पडला आणि लग्न केलं. पुढे शरदिंदु बॉम्बे टॉकीजच्या कामासाठी मुंबईत आले आणि सुमारे १५ वर्षं ब्योमकेश गप्प राहिला. डॉयलसारखी वाट त्यांनाही मोकळी होती. पण पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात राहायला आल्याच्या सुमारास त्यांनी पुन्हा ब्योमकेश हाती घेतला, तो सत्यवतीसह. विसाहून अधिक कथा झाल्या. घरात सत्यवती आहे, ब्योमकेशचा मित्र अजितही तिथेच राहतो, पुढे मूल होतं, चहा होतो, रुसवेफुगवे होतात, आणि खुनांचा छडाही लागतो. बासू चॅटर्जींनी १९९३ मध्ये दूरदर्शनसाठी मालिका केली तेव्हा सत्यवती होती आपली सुकन्या कुलकर्णी. सहा वर्षांनी ‘अल्फा मराठी’वर ‘आभाळमाया’ आली, आणि तीच सुकन्या सुधा जोशी म्हणून घराघरात पोचली.

मराठी मालिकांत त्यानंतर नायिकेची वाण कधी पडली नाही. इथे रड वेगळी आहे. नायिका आहे, सासू आहे, जाऊ आहे, नवऱ्यावर डोळा ठेवून असलेली दुसरी आहे; नायिकेची मैत्रीण मात्र दोन भागांपुरती येते, सल्ला देते आणि गायब होते. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ने २०१५ मध्ये सहा तरुण-तरुणींना एका घरात ठेवून मैत्रीच मालिकेचा विषय केला. ती लोकांना आवडली, तरी पायवाट पडली नाही. हिंदीत ‘उडान’ची कल्याणी १९८९ मध्येच पोलीस झाली, पण एकटी. ‘दिल्ली क्राइम’मध्ये वर्तिका आणि नीती या वरिष्ठ-कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या रूपाने दोघी एकत्र आल्या आणि त्या मालिकेला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय एमी मिळालं. मराठीत अशी जोडी कोणी लिहिली तर मला ती बघायची आहे: एसटीची कंडक्टर आणि ड्रायव्हर, तालुक्याच्या कोर्टातल्या दोन वकील, नाहीतर नुसत्या ठाण्यातल्या दोन हवालदार. दर आठवड्याला एक भाग पुरेल, रोज नको. त्यातल्या एकीला नवरा असू द्या. आणि लेखकमंडळींना विनंती एवढीच, की त्याला मारू नका.